हार्वेस्टरचा बेल्ट सारखा उतरतो आणि एकाच कडेने झिजतो, काय करावं?

नवा बेल्ट आणायची घाई करू नका. एकाच कडेचे धागे सुटत असतील तर बहुधा दोन पुल्या एका रेषेत नाहीत, आणि तसंच ठेवलं तर नवा बेल्टही त्याच वाटेने जाईल.

इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा. हे आधी, कारण बोटं परत येत नाहीत.

मग बारीक पक्की दोरी घ्या आणि दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या तोंडावरून ताणून धरा. ती प्रत्येक पुलीच्या दोन, अशा चारही कडांना टेकली पाहिजे. एका पुलीच्या एकाच कडेला टेकून दुसरीकडे फट दिसली, तर शाफ्ट, म्हणजे पुली बसते तो दांडा, तिरका आहे; बेअरिंगचे बोल्ट ढिले करून तो सरळ करा. पूर्ण पुलीच आत-बाहेर असेल तर तिचा स्क्रू सोडून शाफ्टवर सरकवा. पुल्यांच्या कडा कमी-जास्त जाड असतील तर मात्र खाचेच्या मध्यापासून मोजा. मीटरभर अंतराला ८ मिलिमीटरच्या आत फरक चालतो, पण मी तर शून्यावरच आणतो.

बेअरिंग हाताने हलवून बघाच. ते खिळखिळं असेल तर उभ्या मशीनला रेषा बरोबर दिसते आणि लोड आला की बिघडते.

ताण शेवटी द्या. दोन पुल्यांमधल्या मीटरभर लांबीला मध्यावर दाबल्यावर बेल्ट साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे. बेल्ट पान्याने उचकटून चढवू नका, आतले धागे तुटतात. नवा बेल्ट पहिल्या दिवशीच सैल पडतो, तेव्हा संध्याकाळी पुन्हा ताण बघा.