शिकागोची घरपट्टी: कोणाला किती आणि का

शिकागोजवळ घर घ्यायचं म्हणून तुमचे दोन प्रश्न होते. शॉमबर्ग या वायव्येकडच्या उपनगरातलं चार लाख डॉलरचं घर आणि दक्षिणेकडच्या उपनगरातलं दोन लाखांचं घर, तरी घरपट्टी जवळजवळ सारखी कशी? आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांकडून जास्त कर घेतात हे खरं की नुसतं राजकारण? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, पहिलं त्यातूनच निघेल.

शिकागो ज्या कुक काउंटीत येतं तिथे घराची किंमत काउंटीचा असेसर ठरवतो. हे निवडून येणारं पद आहे. राहत्या घराच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम नोटिशीवर दिसते. तिच्यावर पुढे राज्याचा गुणक लागतो, साधारण तीनच्या आसपास. तेव्हा ४०,००० हा आकडा बघून खूश होऊ नका, घर चार लाखांचंच धरलंय. शाळा, गाव, पार्क, लायब्ररी यांना किती पैसे हवेत ते वेगळं ठरतं आणि ती रक्कम सगळ्या मिळकतींवर वाटली जाते. एकाची किंमत कमी धरली की त्याचा भार बाकीच्यांवर जातो.

२०१७ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ आणि ‘प्रोपब्लिका इलिनॉय’ यांनी आकडेवारी मांडून दाखवलं की स्वस्त घरांची किंमत सर्रास फुगवली जात होती आणि महागड्या घरांची दाबली जात होती. समजा, एक लाखाचं घर सव्वा लाखाचं धरलं आणि दहा लाखांचं आठ लाखांचं. दोन टक्के दर धरा: पहिला २,००० ऐवजी २,५०० भरतो, दुसरा २०,००० ऐवजी १६,०००. यासाठी कोणी मुद्दाम द्वेष करायची गरज नाही. १९३०च्या दशकापासून ज्या भागांना ‘धोक्याचे’ ठरवून कर्ज नाकारलं गेलं, तिथली घरं स्वस्त राहिली आणि तिथे आज मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो राहतात. तेव्हाचे असेसर जोसेफ बेरिओस २०१८ची पक्षांतर्गत निवडणूक हरले, फ्रिट्झ केगी आले, मूल्यांकनाची पद्धत बदलली. पण हा एका काउंटीचा प्रश्न नव्हता. अवेनान्सिओ-लिऑन आणि हॉवर्ड या अर्थतज्ज्ञांनी देशभरचे आकडे तपासले, तर त्याच सार्वजनिक सोयींसाठी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांवर १० ते १३ टक्के जास्त भार निघाला.

खरी गोम अपिलात आहे, म्हणजे ‘माझ्या घराची किंमत जास्त धरली’ या तक्रारीत. इथे अपील फुकट असतं, ऑनलाइन होतं, स्वतःच्या घरासाठी वकील लागत नाही. आधी असेसरकडे, तिथे जमलं नाही तर बोर्ड ऑफ रिव्ह्यू या काउंटीच्याच फेरतपासणी मंडळाकडे, त्यापुढे राज्याच्या मंडळाकडे किंवा कोर्टात. तरी वर्षानुवर्षं अपील करत आली ती मुख्यतः सुखवस्तू गोरी वस्ती आणि डाउनटाउनच्या इमारतींचे वकील. आपल्या लोकांचं बघा: आपल्या टाउनशिपची (काउंटीच्या पोटविभागाची) अपिलाची मुदत उघडली की व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतो, कोणीतरी एक्सेल पाठवतो, शेजाऱ्यांच्या घरांचे आकडे तयार असतात. हे जाळं एखाद्या निवृत्त बस ड्रायव्हरकडे असेलच असं नाही. म्हणून आता लायब्ररीत, चर्चमध्ये शिबिरं भरतात, तिथल्या तिथे अर्ज भरून देतात. अशा एका शिबिरात मी मदतीला होतो. निम्मा वेळ अपिलात गेलाच नाही. घर अजून वारलेल्या आईच्या नावावर, त्यामुळे राहत्या घराची करसवलतच बंद पडलेली. आपल्याकडे वारसनोंद राहून जाते, तसंच.

आता दक्षिणेकडचं घर. पार्क फॉरेस्ट, हार्वी, रिव्हरडेल या पट्ट्यातले कारखाने आणि दुकानं गेली, पण शाळा चालवायच्याच आहेत, म्हणून तोच खर्च थोड्या आणि स्वस्त घरांवर पडतो. दर शॉमबर्गच्या दुपटीहूनही जास्त असू शकतो. एजंट याला ‘खराब एरिया’ म्हणून मोकळा होईल, त्याचं ऐकू नका. शिकागो शहरातही कोविडनंतर डाउनटाउनची ऑफिसं ओस पडली, त्यांची किंमत उतरली आणि २०२५च्या अखेरीस नॉर्थ लॉन्डेल, वेस्ट गारफील्ड पार्कसारख्या वस्त्यांत बिलं भयंकर वाढली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जाहिरातीत दाखवलेलं बिल तुमचं समजू नका. आधीचे मालक म्हातारे असतील तर त्यांच्या ज्येष्ठ नागरिक सवलती त्यात असतात, त्या तुम्हाला मिळणार नाहीत. राहत्या घराची सवलत मात्र स्वतः अर्ज करून घ्या. पुण्यात स्वतः राहतो म्हणून सवलतीसाठी पीटी-३ भरता ना, तसाच अर्ज. इथे घरपट्टी एक वर्ष मागे चालते, त्यामुळे व्यवहाराच्या दिवशी विकणाऱ्याकडून त्याच्या काळाचा कर वळता करून घ्यायला वकिलाला सांगा. असेसरच्या साइटवर घराचा नंबर टाकून चौरस फूट, बाथरूम, तळघर तपासा. नोंद चुकीची असेल तर अपील तिथेच अर्धं जिंकलं. शॉमबर्गचं फेरमूल्यांकन २०२५मध्ये झालं, पुढचं २०२८मध्ये, पण अपील दरवर्षी करता येतं.

पश्चिमेकडच्या नेपरव्हिल उपनगराचा विचार असेल तर ते ड्यूपेज आणि विल काउंटीत येतं. तिथे घर बाजारभावाच्या एक तृतीयांशावर धरतात आणि मूल्यांकन टाउनशिपचा असेसर करतो. कुकच्या नोटिशीशी त्याची तुलना करू नका; दोन्हीकडचं पूर्ण वर्षाचं बिल मागवा आणि तेच शेजारी ठेवून बघा.