जुनी राजकीय व्यंगचित्रं वर्गात कशी शिकवावीत?

तुम्ही लिहिलंय, की जुनं राजकीय व्यंगचित्र दाखवलं की नववीची मुलं एकतर खिदळतात नाहीतर गप्प बसतात. मी सिंधुदुर्गात इतिहास शिकवतो. माझं मत विचाराल तर अर्थ आधी सांगून टाकू नका, तिथेच सगळी मजा जाते.

व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचं 'राँदेव्हू' (म्हणजे ठरवून घेतलेली भेट) घ्या. लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये ते 20 सप्टेंबर 1939 ला आलं. हिटलर आणि स्टॅलिन टोप्या काढून एकमेकांना लवून अभिवादन करताहेत आणि मध्ये एक प्रेत पडलंय. त्यांच्या तोंडची वाक्यं मी कागद चिकटवून झाकतो आणि मुलांनाच लिहायला सांगतो, मालवणीत लिहिलं तरी चालेल म्हणून. एकीने लिहिलं, "बरा झाला इलंस. चल, अर्धा-अर्धा करूया." पोलंडच्या वाटणीवर मी तासभर बोललो असतो तरी हे जमलं नसतं. मग मूळ वाक्यं उघडतो. त्यात निव्वळ शिव्या आहेत, पण अगदी दरबारी अदबीने दिलेल्या! शेवटी फळ्यावर तारखा: 23 ऑगस्टचा जर्मनी-सोव्हिएत अनाक्रमण करार, 1 सप्टेंबरला जर्मनीची चढाई, 17 ला सोव्हिएत फौजांची. चित्र त्यानंतर तिसऱ्याच दिवशी छापलं गेलं, हे मुलंच मोजून सांगतात.

वेशावरून माणूस ओळखणं आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही. दशावतारात राजपार्टी कोण नि राक्षसपार्टी कोण, हे त्यांना पडद्याआडून पाऊल बाहेर पडताच कळतं. परकी चिन्हं मात्र सरळ सांगून टाका, कोडी घालत बसू नका.

दुसरं चित्र 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातलं, जॉन टेनिएल यांचं, एप्रिल 1876 चं. पंतप्रधान डिझरायली पूर्वेकडच्या वेशात राणी व्हिक्टोरियाला जुन्या मुकुटाच्या बदल्यात नवा, म्हणजे 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' ही पदवी, देऊ करतोय. अल्लादीनच्या गोष्टीत 'जुने दिवे द्या, नवे घ्या' असं ओरडत कोण फिरत होता, एवढंच विचारा. कपटी जादूगार! डिझरायलीवर चित्रकाराचा किती भरवसा होता ते लगेच कळतं. त्यानंतर विचारा, यात हिंदुस्थानची माणसं कुठे आहेत? कुठेच नाहीत. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, दख्खनेत दुष्काळ पडला, आणि तो चालू असताना 1 जानेवारी 1877 ला ती पदवी जाहीर करायला दिल्लीत दरबार भरला. चित्र दुष्काळाआधीचं, तेव्हा तो त्यात नाही म्हणून टेनिएलला दोष देता येत नाही. पण वाद राणीच्या पदवीवरून होता, आपल्यावरून नव्हताच. म्हणून 'काय घडलं'पेक्षा 'हे कुणी, कुणासाठी छापलं' हा प्रश्न मी जास्त ताणतो.

आणि हो, 'पंच'ची ही जुनी चित्रं लाकडावर कोरून छापलेली, बारीक रेघांची. ए-फोरवर झेरॉक्स काढलीत तर चेहऱ्यांचे काळे डाग होतात. ए-थ्रीवर मोठी करून घ्या, चौघांत एक पुरते. पावसाळ्यात प्रोजेक्टरच्या भरवशावर तर राहूच नका.