वाचकांचे प्रश्न : नव्या वाळूपुढे मॉडेल का चुकतं?

प्रश्न : नदीची आणि किनाऱ्यावरची वाळू घेऊन आम्ही ३६ ड्रेन्ड ट्रायएक्सियल चाचण्या केल्या (नमुन्याला सगळीकडून दाब देऊन, पाणी बाहेर जाऊ देत, तो मोडेपर्यंत वरून दाबायचा), सेलचा म्हणजे सभोवतालचा दाब ५० ते २०० किलोपास्कल. रँडम फॉरेस्टला (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी घेणारं संगणकी मॉडेल) ताण-विकृतीचे, म्हणजे दाब आणि त्याने नमुना किती दबला याचे, आलेख शिकवले, आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.९९ आला. पण कोलव्याची वाळू दिली की कमाल ताण भलताच येतो. चाचण्या वाढवाव्यात का?
– विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : आधी डेटाची विभागणी तपासा. एका चाचणीत शे-दोनशे नोंदी असतात. सगळ्या सरमिसळ करून ८० टक्के प्रशिक्षणाला आणि २० टक्के परीक्षेला ठेवल्या असतील, तर ८ टक्के विकृतीची नोंद प्रशिक्षणात गेली आणि तिच्या शेजारची ८.१ ची परीक्षेत. मॉडेलने नुसती टिंबं जोडली. अख्खी चाचणी एकाच बाजूला ठेवा. त्याहून कडक कसोटी म्हणजे एक अख्खी वाळूच प्रशिक्षणाबाहेर ठेवणं. आर-स्क्वेअर घसरेल, पण विश्वास त्याच आकड्यावर ठेवायचा.

मग वाळूच्या ताकदीचं बोल्टन या संशोधकाचं १९८६ चं सूत्र शेजारी मांडा. सापेक्ष घनतेला (वाळू किती घट्ट भरली आहे, सर्वात सैल ० ते सर्वात घट्ट १) '१० वजा सरासरी परिणामी ताणाचा (कणांवर प्रत्यक्ष येणारा, किलोपास्कलमध्ये) नैसर्गिक लॉग' या संख्येने गुणा, त्यातून १ वजा करा आणि तिप्पट करा. ट्रायएक्सियलमध्ये कमाल घर्षणकोन (वाळूच्या ताकदीचं माप) क्रांतिक कोनापेक्षा, म्हणजे आकारमान बदलणं थांबल्यावर उरणाऱ्या कोनापेक्षा, साधारण तितके अंश जास्त असतो. मोडताना सरासरी ताण २०० किलोपास्कल धरला, तर घनता ०.८ ला हा फरक ८.३ अंश, ०.३ ला जेमतेम १.२. या एका ओळीपेक्षा तुमचं मॉडेल सरस नसेल, तर त्याचा उपयोग काय? म्हणून घनता आणि दाब दोन्ही इनपुटमध्ये हवेतच. सोबत कणांचा सरासरी आकार, एकरूपता गुणांक (कणांचे आकार किती वेगवेगळे आहेत याचं माप) आणि नमुना भरायची पद्धतही. तीच घनता असली तरी ओली ठोकून भरलेली आणि कोरडी वरून सोडलेली वाळू वेगळी वागते. आउटपुटला नुसता ताण न देता ताणाचं गुणोत्तर (वरचा ताण भागिले बाजूचा) आणि आकारमानातला बदल द्या.

आणखी एक : रँडम फॉरेस्ट शिकलेल्या टप्प्यापलीकडे जात नाही. ६०० किलोपास्कल विचारलंत तरी उत्तर २०० च्या आसपासचंच मिळेल.

प्रश्न : वाळूतले शिंपल्यांचे तुकडे आम्लाने काढावेत का?
– वाचक, वास्को

उत्तर : अजिबात नको. ते तुकडे दाबाखाली फुटतात आणि त्या वाळूचं वागणं त्यावरच ठरतं. थोडा वेगळा नमुना विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून चुन्याचं प्रमाण काढा आणि ते इनपुटला द्या. चाचणीआधी आणि नंतर चाळणी लावा, फूट किती झाली ते कळेल. मीठ मात्र गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर ते कोरड्या वजनात मिसळून पोकळी गुणोत्तर (कणांमधली रिकामी जागा भागिले कणांचं आकारमान) चुकवतं.