‘ओळख नाही, लॅब नाही; मग संशोधन कसं करू?’

डिसेंबरच्या एका संध्याकाळी नागपुरातल्या सीताबर्डीच्या माझ्या खोलीत बाप-लेक येऊन बसले. मुलगी बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला, वडील काटोल भागात एसटीचे ड्रायव्हर. दोघांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. लिहायचं कारण हे की, तिच्यासारखीच चिंता घेऊन दर हिवाळ्यात कोणी ना कोणी माझ्याकडे येतंच.

तिच्या मोबाईलमध्ये पंधरा-वीस पानांचे फोटो होते. सगळे उन्हाळी संशोधनाचे, बहुतेक अमेरिकेतले. दात आणि तोंडाच्या आरोग्यावर संशोधन करणारी तिथली सरकारी संस्था १९४८ साली स्थापन झाली. बेथेस्डा इथल्या तिच्या आवारात दर उन्हाळ्यात विद्यार्थी घेतात, हे तिनं वाचलं होतं आणि रात्री जागून अर्जाचा मजकूर लिहिला होता. शेवटच्या पानावर अट दिसली: अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी हवा.

“मॅडम, आमची कुठे ओळख नाही. कॉलेजात तशी लॅब नाही. इंग्रजीही जेमतेम. मी हा नाद सोडून देऊ का?” एवढं बोलून तिनं आणखी एक फोटो दाखवला. घरबसल्या ‘रिसर्च इंटर्नशिप’, साडेआठ हजार रुपये, शेवटी प्रमाणपत्र. पैसे भरायची मुदत दोन दिवसांवर आली होती.

वडील इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, “मॅडम, पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच पाहून राहिली. दाताची डॉक्टर होऊन राहिली, तर दात पाहा ना बाप्पा! संशोधनानं कोणाचं पोट भरते?”

साडेआठ हजारांचा निकाल लावायला वेळ लागला नाही. मी तिला विचारलं, “यात तू कोणाचं तोंड तपासणार? कोणते आकडे गोळा करणार? चुकलीस तर सांगणार कोण?” उत्तर नव्हतं. शिकण्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही, पण इथे विकलं जात होतं ते फक्त कागदाचं भेंडोळं. अमेरिकेच्या अटीचंही मी तिला स्पष्ट सांगितलं: त्यांच्या करदात्यांच्या पैशातून चालणारा कार्यक्रम आहे, तो त्यांच्या मुलांसाठी. त्यात तुझं काही कमी पडलेलं नाही.

मग विचारलं, “ओपीडीत रोज बसतेस. तिथलं काय पाहून तुला प्रश्न पडतो?” ती अडखळली. पुस्तकातलं काहीतरी सांगू लागली. तेवढ्यात वडीलच बोलले.

“माह्या गाडीवरचा कंडक्टर दहा-बारा वर्षांपासून खर्रा खाते. परवा स्टँडवर पाणीपुरी घेतली, तर पुरी त्याच्या तोंडात जाईच ना. हातानं फोडून खाल्ली. अन् म्हणते काय, पुऱ्याच आता मोठ्या बनवून राहिले!”

मुलीनं वडिलांकडे वळून पाहिलं. “बाबा, त्यांना खरंच वाटतं पुरी मोठी झाली?”

“हो ना. तोंडाले काही झालं आहे, हे त्याच्या ध्यानातच नाही.”

नागपूरकराला खर्रा समजावून सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटतात आणि पुडी बांधून देतात. सुपारीतल्या अरेकोलीन या रसायनामुळे तोंडाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठर होत जातं, गालात पट्टे येतात, तिखट लागलं की आग होते आणि तोंड उघडेनासं होतं. दंतवैद्य त्याला ओएसएमएफ, म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस, म्हणतात. त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. मुलीला हे सगळं पाठ होतं. पण तोंड कमी उघडतंय हे त्या माणसाला स्वतःला कधी कळतं, हा प्रश्न तिला वडिलांच्या गोष्टीतून मिळाला. या प्रश्नाला महागडी लॅब लागत नाही. लागते ती ओपीडीतली खुर्ची, अंतर मोजायचा व्हर्नियर कॅलिपर आणि ऐकून घ्यायची तयारी.

आता मार्ग. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधनवृत्ती देते. दोन महिन्यांचं काम, तेही आपल्याच कॉलेजात, तिथल्याच पूर्णवेळ शिक्षकाच्या हाताखाली. अलीकडच्या वर्षांत दोन महिन्यांचे मिळून ५०,००० रुपये मिळतात, पण अहवाल लिहून मंजूर झाल्यावरच. हे मी वडिलांना मुद्दाम सांगितलं, नाहीतर घरी खर्चाचा हिशेब चुकतो. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांसाठी बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. त्याचे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. पाण्यातल्या फ्लोराईडमध्ये रस असलेल्या मुलांना मी नीरीची, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, आठवण करून देते. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराईड काढायचं नालगोंडा तंत्र आपल्या नागपूरच्या याच संस्थेनं विकसित केलं, आणि दातांवर फ्लोराईडचे डाग असलेली गावं विदर्भात शोधायला लांब जावं लागत नाही.

मुलीची खरी भीती मात्र अर्जाची नव्हतीच. कॉलेजातल्या मॅडमकडे जाऊन ‘मला गाईड करा’ म्हणायची होती. मी म्हटलं, “बायोडेटा नेऊ नकोस, एक पान ने. प्रश्न काय, कोणाला विचारणार, काय मोजणार, किती जणांना, किती दिवसांत. बस.”

तिनं पाच वेळा ते पान लिहिलं. किती जण हवेत, हे आम्ही इथेच बसून काढलं: निम्म्या लोकांत गोष्ट आढळेल असं धरलं, ९५ टक्के खात्री ठेवली आणि दहा टक्के चूक चालवून घेतली, तर ९६ माणसं पुरतात. चूक पाच टक्क्यांवर आणायची, तर ३८४ लागतात. दोन महिन्यांत, लेक्चर सांभाळून, एकटीनं ९६ झेपतील.

तिच्या शिक्षिकेनं पान वाचलं आणि लाल पेनानं भरून परत दिलं. अक्कलदाढ सुजली तरी तोंड उघडत नाही, जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यानंही उघडत नाही. असे रुग्ण वगळ. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर तीनदा मोज, सरासरी घे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोजण्याआधी रुग्णाला प्रश्न विचार. आधी मोजलंस तर मोजण्यातूनच त्याला उत्तर कळेल. एवढा लाल रंग बघून मुलगी खचली होती. मी तिला म्हटलं, जिला नको असतं ती शिक्षिका एवढं लिहीत बसत नाही.

नीतिमत्ता समितीची परवानगी यायला वेळ लागतो, हे मी प्रत्येकाला बजावते. शिवाय रुग्णाचं संमतीपत्र त्याला कळेल अशा भाषेत हवं. हिच्या पहिल्या खर्ड्यात ‘श्लेष्मल आवरण’ होतं. वाचून दाखवल्यावर एका आजोबांनी विचारलं, “हे कोर्टाचं कागद आहे का?” तिनं ते खोडून ‘गालाची आतली बाजू’ लिहिलं. प्रश्नावलीतलं ‘दिवसातून किती वेळा खर्रा खाता?’ हेही पहिल्याच आठवड्यात कोसळलं. माणसं वेळा मोजत नाहीत, पुड्या मोजतात. आणि एका पुडीत तिघं-चौघं वाटेकरी असतात. मग तिनं विचारायला सुरुवात केली: पुड्या किती, एक पुडी किती जणांत, तोंडात किती वेळ धरता. हे तिला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.

त्या वर्षी आयसीएमआरच्या यादीत तिचं नाव आलं नाही. फोनवर बराच वेळ रडली. मी थोपवलं नाही. एवढी मेहनत केलेल्या मुलीला रडायचा हक्क असतो. पण समितीची परवानगी हातात होती आणि शिक्षिकेनं काम विभागाचं म्हणून पुढे चालू ठेवलं. मे महिन्यात बाराच्या आत ओपीडी रिकामी व्हायची, बाहेर पारा ४५ च्या आसपास. ती साडेआठला खुर्चीशी उभी असायची. ९६ नोंदी जूनच्या शेवटी झाल्या.

परवा दोघं पुन्हा आले. वडिलांनी त्या कंडक्टरला स्वतः ओपीडीत नेऊन बसवलं होतं. त्याचं तोंड २३ मिलिमीटर उघडत होतं. उपचार सुरू झाले आहेत, खर्रा अजून पूर्ण सुटलेला नाही.

“म्हणजे तो सत्त्याण्णवावा?” मी विचारलं.

“नाही मॅडम, त्यांना नाही घेतलं,” ती म्हणाली. “पुरी मोठी झाली नाही, तुमचं तोंड उघडत नाही, हे बाबांनी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं.”

वडील ओशाळून म्हणाले, “मले काय माहीत, विचारायच्या आधी सांगाचं नसते म्हणून!”