मॉल ओस पडला तर नुकसान कोणाचे?

'मॉल म्हणजे केवळ पैसे खर्च करायला लावणाऱ्या इमारती; त्या ओस पडल्या तर समाजाचे काय बिघडते?' असे काही जण विचारतात. माझ्या मते खरेदीदारांचे फारसे बिघडत नाही. ज्यांना काहीच विकत घ्यायचे नसते, त्यांचे मात्र बिघडते.

सासऱ्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी रोज अर्धा तास सपाट जागेवर चालायला सांगितले, तो एप्रिल महिना होता. आमच्याकडचा पदपथ कुठे खणलेला, तर कुठे दुचाकींनी अडवलेला. आणि महापालिकेच्या उद्यानाला दुपारभर कुलूप. म्हणून मी त्यांना पुण्यातल्या नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये नेऊ लागले. पहिल्या मजल्यावर चार फेऱ्या झाल्या की ते बंद पडलेल्या एका कपड्यांच्या दुकानासमोरच्या बाकावर टेकत. हळूहळू तिथे त्यांच्या वयाची पाच-सहा मंडळी जमू लागली. कोणी घरून थर्मासमध्ये चहा आणी आणि सुरक्षारक्षक नेमका तेव्हाच सरकत्या जिन्याकडे बघत उभा राही. एके दिवशी ते बाक नाहीसे झाले आणि तिथे मोबाइलच्या कव्हरांचा स्टॉल लागला. मी चौकशी केली तेव्हा व्यवस्थापक नम्रपणे म्हणाले, "मॅडम, ती भाड्याची जागा आहे." त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. (स्वच्छ स्वच्छतागृहाचे मोल वेगळे सांगत नाही, लक्ष्मी रस्त्यावर दिवसभर खरेदी करणाऱ्या कोणत्याही बाईला ते ठाऊक असते.)

गंमत अशी की, मॉलच्या जनकाला हेच बाक अभिप्रेत होते. व्हिएन्नाहून 1938 साली अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने मिनेसोटातील ईडाइना येथे 1956 मध्ये 'साउथडेल' हा पूर्णपणे छताखालचा, वातानुकूलित मॉल उभारला. मधल्या चौकात लोकांनी बसावे, भेटावे आणि भोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, ही त्याची मूळ कल्पना होती. नक्कल झाली ती दुकानांची आणि वाहनतळाची. उतारवयात त्याने स्वतःच या अपत्याशी नाते तोडले.

आपल्याकडे सगळेच मॉल संपत आलेले नाहीत. वाकडला 2023 मध्ये नवा भव्य मॉल सुरू झाला. मरतात ते प्रामुख्याने गाळे सुटे-सुटे विकून टाकलेले मॉल. शंभर गाळ्यांचे शंभर मालक झाले की कोणते दुकान कुठे असावे हे ठरवणारे कोणी उरत नाही, देखभालीचा खर्च थकतो, आधी वातानुकूलन आणि मग सरकता जिना बंद पडतो. मोठे दुकान उठून गेले की त्याच्या गर्दीवर जगणारी लहान दुकानेही वर्षभरात शटर ओढतात. घरबसल्या खरेदीची सोय आणि करोनाकाळातील टाळेबंदी यांनी या आजाऱ्यांना शेवटचा धक्का दिला.

मंडईशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. महात्मा फुले मंडई 1886 साली नगरपालिकेने बांधली. तिथे भाजीइतकेच राजकारणही चाले, म्हणून तिला 'मंडई विद्यापीठ' हे नाव पडले. त्या गप्पांचे भाडे कोणी मोजले नाही, कारण जागाच सार्वजनिक होती. मॉलने दिलेली बैठक मात्र मालकाची मर्जी असेपर्यंतच आपली होती आणि आपण तिच्या भरवशावर उद्याने व पदपथ मागायचे विसरलो.

सासरे आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालतात. सकाळी दहानंतर, गाड्या कचेरीला गेल्या की.