सौर वाऱ्यावर पीएचडी करून नोकरी मिळेल का?

नमस्कार ताई, पत्र वाचलं. मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सौर वाऱ्याचा दाब बदलला की पृथ्वीचं चुंबकीय कवच नि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) कसं ढवळतं यातच पीएचडी करायची म्हणते, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बीएड बरं.

बीएड कुठं पळून जात नाही हो. सौर वारा म्हणजे सूर्याकडून येणारा प्रोटॉन-इलेक्ट्रॉनचा झोत, तो सेकंदाला साधारण ४०० किमी वेगाने सतत येत असतो, त्याचा दाब एकदम वाढला की कवचाची सूर्याकडची हद्द, जी एरवी पृथ्वीच्या १० त्रिज्या लांब असते, ती मोठ्या वादळात ६-७ वर येते, म्हणजे टीव्हीवाले उपग्रह चक्क कवचाबाहेर पडू शकतात, आणि इकडे अलिबागच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची रेघ काही मिनिटांत टुणकन वर उडते. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीला दिवसा हा झटका जास्त बसतो कारण तिथं डोक्यावर आयनोस्फिअरमध्ये इलेक्ट्रोजेट नावाचा करंट वाहतो, त्यामुळे तिथल्या रीडिंगमधून अलिबागचं वजा केलं की इलेक्ट्रोजेटचा हिस्सा हाती लागतो. रिसर्च म्हणजे बराचसा असाच हिशोब, दुर्बिणीतून बघत बसणं नाही!

आणि लांब जायला नको, भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेललाच आहे, अलिबागची वेधशाळा त्यांचीच, मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी रीडिंग बिघडेल म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजणीचं काम १९०४ ला तिकडं हलवलेलं. शिवाय अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी (पीआरएल), इस्रो, आणि इस्रोचं यान आदित्य-एल१ २०२४ च्या जानेवारीपासून सूर्य-पृथ्वीमधल्या एल१ बिंदूपाशी राहून सौर वारा मोजतंयच.

आता पैशाचं. नेट-जेआरएफ (परीक्षेतून मिळणारी संशोधनाची सरकारी फेलोशिप) निघाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं, पण पर्मनंट जागा मोजक्याच, पीएचडीनंतर पोस्टडॉकला बाहेर जावं लागतं आणि तिशी उजाडते, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. मात्र डेटा हाताळायची सवय लागलेली पोरं बाहेर सॉफ्टवेअरमध्येही खपतात, रिकामी बसत नाहीत.

तिला एक काम द्या. नासाच्या ओम्नी साइटवर सौर वाऱ्याचा डेटा फुकट मिळतो, १० मे २०२४ चा दाब पायथनमध्ये प्लॉट करून खाली अलिबागची रेघ लावायची, भारतीय वेळेने रात्री साडेदहाच्या सुमारास दोन्हीकडे उडी दिसली पाहिजे. हे करताना कंटाळली तर बीएडचं बोलू. नाही कंटाळली तर जॅमची, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी आजपासून, आणि एमएस्सीला इलेक्ट्रोडायनॅमिक्स नीट शिकवणारं डिपार्टमेंट बघा, घराजवळ आहे म्हणून कुठलंही नको.