वाचकांचे प्रश्न : केनियातील रंगीत सरडे एकाच जातीचे आहेत का?

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही केनियाला सहलीसाठी गेलो होतो. नैवाशा तलावाजवळ आमच्या निवासस्थानाच्या दगडी कुंपणावर केशरी डोक्याचे आणि निळ्या अंगाचे सरडे दिसले. मसाई मारा येथील खडकावरच्या नराचे डोके, मान आणि खांदे मात्र गुलाबी-जांभळट होते. नैवाशालाच पहाटे टिपलेल्या एका छायाचित्रातील सरडा तर मातकट तपकिरी आहे. आमच्याजवळच्या जुन्या पुस्तिकेत या सर्वांना 'अगामा अगामा' असे एकच नाव दिले आहे. ते बरोबर आहे का? तसेच पर्यटकांच्या अशा नोंदींचा अभ्यासकांना काही उपयोग होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या वर्णनावरून यात बहुधा दोन जाती आहेत. नैवाशाचे केशरी आणि तपकिरी असे दोन्ही सरडे 'अगामा लायोनोटस' या जातीचे असावेत, तर मसाई मारातील नर 'अगामा म्वान्झाए' या जातीचा असावा. पहिल्या जातीचे वर्णन बुलेंजर यांनी 1896 मध्ये केले. दुसरीचे वर्णन लव्हरिज यांनी 1923 मध्ये केले आणि तिला व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वान्झा या टांझानियातील गावाचे नाव दिले. तुमच्या पुस्तिकेतील नाव चुकीचे म्हणण्यापेक्षा कालबाह्य म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण सेनेगलपासून केनियापर्यंतच्या बहुतेक लाल डोक्याच्या अगामांना त्याच एका नावाखाली ठेवण्याची पद्धत फार काळ रूढ होती.

या गोंधळाचे मूळ 1758 मध्ये आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने या सरड्याला 'लॅसर्टा अगामा' असे नाव दिले आणि त्याचे मूळस्थान म्हणून चक्क अमेरिका नोंदवली. मूळ नमुना नेमका कोठला, हे ठरवता येत नसल्याने पुढे कोणत्या प्रदेशातील सरड्यांना हे नाव द्यायचे याला पक्का आधारच उरला नाही. अखेर 2009 मध्ये कॅमेरूनमधील एक नमुना या नावासाठी प्रमाण म्हणून निश्चित करण्यात आला. त्याच सुमारास डीएनएच्या तुलनेतून पूर्व आफ्रिकेतील सरड्यांच्या शाखा वेगळ्या असल्याचेही स्पष्ट झाले. पश्चिम आफ्रिकेत गावोगावच्या भिंतींवर दिसणारा सरडा आता 'अगामा पिक्टिकॉडा' म्हणून ओळखला जातो, तर पश्चिम केनियातील 'अगामा फिंची' या जातीचे वर्णन अगदी अलीकडे, म्हणजे 2005 मध्ये झाले.

आता रंगांविषयी. वर्गीकरण करणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत रंगांनीच केली आहे. केशरी डोके आणि निळे अंग हा साऱ्या जातीचा रंग नसून हद्द राखणाऱ्या प्रबळ नराचा, तोही अंग तापल्यानंतरचा रंग आहे. तोच नर रात्री आणि पहाटेच्या गारव्यात मळकट तपकिरी दिसतो. प्रतिस्पर्ध्याकडून हार पत्करली किंवा भीती वाटली तरी त्याचा रंग थोड्या वेळात उतरतो. दुय्यम नर, पिल्ले आणि माद्या बहुतेक वेळ मातकटच असतात, फक्त माद्यांच्या कुशीवर पुष्कळदा केशरी डाग दिसतात. त्यामुळे एकाच कुंपणावरचे चार सरडे चार जातींचे भासू शकतात आणि दोन जातींच्या माद्या शेजारी बसल्या तर त्यांना वेगळे ओळखणे जाणकारालाही जड जाते. त्यात संग्रहालयातील नमुने मद्यार्कात ठेवलेले असतात आणि त्यांचा लाल-केशरी रंग तेथे टिकत नाही. जुन्या अभ्यासकांनी म्हणूनच खवल्यांच्या मोजणीवर भर दिला, पण ती संख्या एकाच जातीत कमी-अधिक होते आणि जवळच्या जातींत सारखीही येते. तेव्हा केवळ डोक्याच्या रंगावरून निर्णय न देता पूर्ण रंगात आलेल्या नराच्या गळ्याचा रंग, तो छाती-खांद्यांवर कोठपर्यंत उतरतो आणि शेपटीवर वलये आहेत की नाहीत, हे एकत्र पाहावे. लायोनोटसच्या नराची शेपटी फिकट आणि निळ्या वलयांची असते, तर म्वान्झाएचा गुलाबी रंग खांद्यांपर्यंत पसरलेला असतो.

तुमच्या नोंदींचा उपयोग निश्चित होतो, मात्र त्यांत ठिकाण आणि वेळ अचूक हवी. भारतीय पर्यटकांच्या कॅमेऱ्याचे घड्याळ पुष्कळदा भारतीय वेळेवरच राहते आणि ती केनियाच्या वेळेपेक्षा अडीच तास पुढे असते. ज्या प्राण्याचा रंग पहाटे एक आणि उन्हात दुसरा असतो, त्याच्या बाबतीत हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. 'मसाई मारा' एवढेच लिहिण्याऐवजी कोणता खडक, कोणत्या निवासस्थानाजवळ, भिंत की झाड, हेही लिहावे. सफारीची गाडी सिंहासाठी थांबते, सरड्यासाठी सहसा थांबत नाही, म्हणून पर्यटकांच्या नोंदी भिंती-कुंपणांभोवती गोळा होतात. मोकळ्या माळावरच्या खडकावरील एखादी नोंद त्यामुळेच अधिक मोलाची असते. रंगहीन माद्यांची आणि पिल्लांची छायाचित्रेही वगळू नयेत.

जातीचे नाव पुढे बदलले तरी ठिकाण नोंदलेले असेल तर जुनी नोंद सुधारता येते. उदाहरणार्थ, 1966 मध्ये मॅडलेन शार्निए यांनी पश्चिम आफ्रिकेतील डाकार येथे अगामा सरड्यांची अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवून दाखवून दिले की, पिल्लू नर होणार की मादी हे तापमानानुसार बदलते. सरपटणाऱ्या प्राण्यांत अशी गोष्ट दाखवणारा तो पहिला अभ्यास मानला जातो. त्यात नाव 'अगामा अगामा' असेच आहे, पण ठिकाण ठाऊक असल्याने आज आपण त्या सरड्यांना बहुधा 'पिक्टिकॉडा' म्हणू शकतो. अमेरिकेतील फ्लोरिडात 1976 पासून नोंदवले गेलेले परके अगामाही आता याच जातीचे मानले जातात.

प्रश्न : आपल्याकडे खडकांवर लाल डोक्याचा सरडा दिसतो. तो या आफ्रिकी सरड्यांचा जवळचा नातेवाईक आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तो बहुधा सॅमोफिलस वंशातील असावा. कुल (जवळच्या वंशांचा मोठा गट) एकच असले तरी त्यांचे उपकुल, म्हणजे त्या कुलातील लहान गट, वेगळे आहे. नराने भडक रंग धारण करणे आणि उंच दगडावर बसून डोके हलवणे, हे साम्य दोन्हींकडे असले तरी त्यावरून जवळचे नाते ठरत नाही. अगामा वंश मूळचा फक्त आफ्रिकेतला आहे. भारतात त्यांचे अधिक जवळचे आप्त हवे असतील, तर हिमालयातील लॉडाकिया आणि राजस्थानच्या वाळवंटातील ट्रॅपेलस यांच्याकडे पाहावे लागेल, कारण ते दोन्ही अगामाच्याच उपकुलात मोडतात.